ब्लँकेटं पुरे, आता बादल्या द्या: ख्रिस्ती मंडळ्यांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पंथांचे बिशप, पाळक, धर्मगुरू, तसेच पास्टोरेट कमिट्यांचे आणि मिशनच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळांचे सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

जानेवारीचा शेवटचा रविवार आपण कुष्ठरोग रविवार म्हणून पाळता. त्या दिवशी दानार्पणाची पाकिटे वेगळी असतात, उपदेशाचा विषय ठरलेला असतो आणि दुपारी जवळच्या कुष्ठमुक्तांच्या वसाहतीत ब्लँकेटं, केळी, बिस्किटांचे पुडे वाटून फोटो निघतात. यंदा एका धर्मप्रांताच्या बैठकीत याच्या जोडीला एक ठराव झाला: मिशनच्या आवारातली मलमपट्टीची खोली ‘वापरात नाही’ म्हणून बंद करावी आणि जागा भाड्याने द्यावी. त्या धर्मप्रांताचे नाव आम्ही लिहीत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे निर्धास्त होतात, आणि हे पत्र बाकीच्यांनाही आहे.

आम्ही कुष्ठरोगाच्या कामातले तंत्रज्ञ, ड्रेसर, फिजिओथेरपिस्ट आणि चपला बनवणारे कारागीर आहोत. बहुतेक जण आपल्याच मंडळ्यांत रविवारी बाकावर बसणारे. म्हणून हे पत्र तक्रारीचे असले तरी घरातल्या माणसांनी लिहिलेले आहे. ते उघड लिहिण्याचे कारण इतकेच की बंद पाकिटातली पत्रे बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाहीत. शिवाय उघड लिहिण्याची परंपरा आपल्यातलीच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले होते. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

बैठकीत ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा होता की कुष्ठरोग आता संपला. तो संपलेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाने जे उद्दिष्ट गाठले ते असे होते: दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचार चालू असलेला रुग्ण एकाहून कमी. हा हिशेब त्या घडीला गोळ्या घेत असलेल्यांचा असतो. कमी जंतूंच्या रुग्णाला सहा महिने आणि जास्त जंतूंच्या रुग्णाला बारा महिने बहुविध औषधोपचार मिळाला की त्याचे नाव यादीतून निघते. जंतू मेलेले असतात, माणूस खऱ्या अर्थाने बरा झालेला असतो, त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही. पण उपचार सुरू होण्याआधी जी नस मेली, ती गोळ्यांनी जिवंत होत नाही. त्या माणसाचा पाय आयुष्यभर बधिर राहतो, आणि तो कोणत्याही सरकारी टक्केवारीत दिसत नाही.

नवे रुग्णही थांबलेले नाहीत. जगात दर वर्षी जे नवे रुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. २०१९ मध्ये जगभर दोन लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये हाच आकडा एक लाख अठ्ठावीस हजारांच्या आत आला. करोनाच्या त्या वर्षी रोगाने सुट्टी घेतली नव्हती, घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे बघणारी माणसे जाऊ शकली नव्हती. जे तेव्हा सापडले नाहीत त्यांच्या नसा तेवढा काळ उपचाराविना राहिल्या. २०२७ पर्यंत संसर्ग थांबवण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. ते गाठले गेले तरी आज ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना पुढची तीस-चाळीस वर्षे चालायचे आहे.

आता खोली ओस का पडते ते सांगतो, कारण ‘कोणी येत नाही’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. अशा खोल्या साधारण सकाळी दहा-अकराला उघडतात. वसाहतीतली माणसे त्याआधीच मजुरीला, भंगार वेचायला किंवा भीक मागायला बाहेर पडलेली असतात. जखमेचा पाय घेऊन दोन किलोमीटर चालत पट्टी बांधायला यायचे आणि तेवढेच चालत परत जायचे, म्हणजे पट्टीने जेवढे साधले तेवढे चालण्याने घालवायचे. तिथे ड्रेसर पट्टी बांधून देतो, रुग्ण बघत बसतो. ड्रेसर सुट्टीवर गेला की आठवडाभर जुनीच पट्टी. तो निवृत्त झाला, जागा भरली नाही, की खोलीला कुलूप. यात दोष खोलीचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे.

तळपायाला जखम का होते हे ज्याला कळले त्याला पुढचे सगळे कळते. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस मेली की तळव्याची संवेदना जाते. खडा टोचला, खिळा घुसला, चपलेचा पट्टा घासला तरी कळत नाही. आपण दुखऱ्या जागेवरचा भार नकळत दुसरीकडे टाकतो, लंगडतो, थांबतो. ज्याला दुखत नाही तो त्याच जागेवर दिवसभर हजारो पावले टाकत राहतो आणि आतले मांस चेचत जाते. जास्त जखमा चवड्याखाली, त्यातही अंगठ्याच्या मुळाशी होतात, कारण पाऊल उचलताना सगळा जोर तिथे येतो. त्याच नसेबरोबर घाम आणणाऱ्या ग्रंथीही बंद पडतात, त्वचा कोरडी होते, टाचेला भेगा पडतात आणि त्यांतून जंतू आत शिरतात. म्हणजे बोटे ‘झडतात’ हा समज चुकीचा आहे. ती वारंवार जखमी होतात, हाडाला पू लागतो आणि हाड तुकड्या-तुकड्याने जाते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले त्याला सत्तर वर्षे होऊन गेली. उपदेशांतून मात्र अजून मांस आपोआप गळून पडते.

यावरचा उपाय महागडा नाही. आठ-दहा जणांच्या गटाने रोज संध्याकाळी करायचा आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून तपासायचा तो असा.

आधी पाहणी. तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या, हाताच्या पाठीने पायाची ऊब बघायची. एक जागा दुसरीपेक्षा गरम लागली तर आत सूज आहे, जखम उद्या-परवा वर येणार आहे. त्या दिवशी चालणे कमी करायचे. मग पाय साध्या, गार पाण्यात वीस मिनिटे बुडवायचे, घोट्याच्या वरपर्यंत. पाणी कोमट करण्याचा मोह टाळायचा, कारण ज्याला चटका कळत नाही त्याच्यासाठी कोमट आणि कढत यांत फरक नसतो. पाय भिजले की घट्टे मऊ होतात, ते वजरीने किंवा खरखरीत दगडाने हलकेच घासायचे. ब्लेड वापरायचे नाही. जखमेच्या कडेला जाड घट्टा राहिला तर कड आत सरकत नाही आणि जखम महिनोन्‌महिने तेवढीच राहते, म्हणून कडा घासणे सर्वांत महत्त्वाचे. पाय पूर्ण न पुसता ओलसर असतानाच तेल चोळायचे, म्हणजे भिजलेले पाणी त्वचेत टिकते. खोबरेल चालते, करडईचेही चालते. दोन्ही पायांना मिळून दहा मिलिलिटर पुरते. महिन्याला माणशी तीनशे मिलिलिटर, बारा जणांना तीन लिटर सहाशे. एवढाच हिशेब आहे.

जखम उघडी असेल तर ती मिठाच्या पाण्याने धुवायची: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दीड छोटा चमचा मीठ. त्यावर स्वच्छ ओलसर गॉज आणि वर सुती पट्टी. हळद, चुना, तंबाखूची पूड, राख यांतले काहीही भरायचे नाही. औषधाच्या दुकानातली पांढरी भुकटीही नको, ती जखमेत खपली धरते आणि खाली पू साचतो. पट्ट्या माणशी चार हव्यात: दोन वापरात, दोन धुण्यात. जुन्या सुती लुगड्याच्या चालतात, पण वीस मिनिटे उकळून उन्हात वाळवलेल्या. आणि सर्वांत अवघड भाग, विश्रांती. साधी जखम भार पडला नाही तर साधारण सहा आठवड्यांत भरते. औषध लावून चालत राहिले तर सहा वर्षांतही भरत नाही. विश्रांती म्हणजे सहा आठवड्यांची मजुरी बुडणे, आणि इथेच मंडळीच्या पैशाचे खरे काम आहे. त्याकडे पुढे येतो.

दुर्गंधी, पायाला सूज, ताप, जांघेत गाठ, जखमेत कठीण हाड लागणे, किंवा जुन्या जखमेवर फुलकोबीसारखी वाढ: यांतले काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय. फुलकोबीसारखी वाढ कर्करोगाची असू शकते. ती घरगुती उपायात राहू देऊ नये.

हे सारे लिहिले ते यासाठी की आपण दर वर्षी जे वाटता ते या पायांच्या आणि या हातांच्या कामाचे आहे का, हे आपणच ताडून पाहावे.

स्टीलचे पेले वाटले जातात. बधिर हाताने गरम चहाचा स्टीलचा पेला धरला की तळहाताला फोड येतो आणि ते दुसऱ्या दिवशी कळते. जाड दांड्याचा मग द्यायला हवा. सिंथेटिक ब्लँकेटं वाटली जातात. थंडीत माणसे चुलीच्या नाहीतर शेकोटीच्या जवळ झोपतात, ब्लँकेटची कड पेटते किंवा वितळून कातडीला चिकटते. द्यायचेच असेल तर सुती किंवा लोकरीचे द्या, आणि त्याआधी उंदीर येणार नाहीत असे दार द्या. रात्री उंदीर बधिर बोटे कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही, ही ऐकीव गोष्ट नाही, वसाहतीत काम केलेल्या कोणालाही विचारा. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या तर कृपा करून कधीच देऊ नका.

चपलांचे सगळ्यांत वाईट आहे. मापे न घेता, घाऊक दरात, अंगठ्याच्या चपला येतात. वाकड्या झालेल्या बोटांना अंगठा धरता येत नाही, चपल निसटते, माणूस ती दोरीने बांधतो आणि दोरीची जखम होते. संवेदना गेलेल्या पायाला एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराची चपल लागते. वरचा थर मऊ, साधारण दहा ते बारा मिलिमीटर. खालचा तळ टणक, काटा आरपार येणार नाही असा. मागे टाचेला पट्टा, वर रुंद आणि सैल-घट्ट करता येणारे पट्टे. चपलेत एकही खिळा नको, सगळे चिकटवलेले किंवा शिवलेले. ओळखायची खूण सोपी आहे: अंगठ्याने दाबले की रबर दबले पाहिजे आणि सोडल्यावर लगेच वर आले पाहिजे, पण दाबताना खालचा तळ लागता कामा नये. स्वस्त स्पंजही पहिल्या दिवशी मऊच लागतो. महिन्याभरात तो चेपून पुठ्ठा होतो. रोज चालणाऱ्याची एमसीआर चपल साधारण सहा महिने टिकते, म्हणून वर्षाला दोन जोड. नवी चपल पहिल्या दिवशी दोन तासच घालायची, काढून पाय बघायचा, मग वेळ वाढवायचा. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून या चपला मोफत मिळतात. त्या मापाच्या आणि वेळेवर मिळतात का, याचा पाठपुरावा करणारा माणूस नसतो. मंडळीने तो माणूस द्यावा.

प्रवचनाबद्दल बोलणे भाग आहे. जुन्या करारात शिक्षा म्हणून ज्यांना कुष्ठ झाले त्या गेहजी, मिर्याम, उज्जीया राजा यांच्या गोष्टी घेऊन कुष्ठ म्हणजे पापाची शिक्षा, किंवा कुष्ठ हे पापाचे चित्र, असा उपदेश कुष्ठरोग रविवारीच होतो, आणि तो ऐकायला त्या रोगातून गेलेली माणसे शेवटच्या बाकावर बसलेली असतात. व्यासपीठावरून हे सांगणाऱ्याला त्यात आध्यात्मिक अर्थ दिसत असेल. बाकावरच्या सुनेला सासर आठवते. शुभवर्तमानात मात्र मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशूने हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श केला आहे, आणि पुढे बेथानीत तो शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी जेवायला बसला आहे. त्या घरात जेवण वाढणाऱ्यांनी भांडी वेगळी ठेवली होती असे कुठे लिहिलेले नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याकडे आम्ही जरा कामगाराच्या नजरेने बघतो. तो जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला चालायला न लावता स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेऊन रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो आणि परत येईन तेव्हा वरचा खर्च भागवीन असे सांगतो. जखम स्वच्छ करणे, झाकणे, भार काढणे, विश्रांतीची सोय, तिचा खर्च आणि पुन्हा भेट. सहाच्या सहा गोष्टी क्रमाने आहेत. आपली जानेवारीची भेट यांतल्या एकीतही बसत नाही, फार तर त्या जखमीला टाळून पलीकडून निघून गेलेल्या याजक आणि लेवी यांच्यापेक्षा आपण रस्ता ओलांडून थोडे जवळ जातो एवढेच.

जुन्या मिशनऱ्यांची आठवण आपण नेहमी काढता. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली कुष्ठसेवेची मिशन संस्था सुरू केली, विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, पोलादपूर आणि अमरावती जिल्ह्यातले कोठारा इथे कुष्ठरुग्णालये उभी राहिली. हा वारसा खरा आहे आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांत राहून सेवा केलेल्या फादर डेमियन यांची तसबीर भिंतीवर लावली की आपली पाळी संपली, असे जे होते ते थांबले पाहिजे. २००९ मध्ये त्यांना संत जाहीर केले गेले. त्या बेटावर त्यांचा दिवस जखमा धुण्यात, घरे बांधण्यात आणि शवपेट्या ठोकण्यात जाई. त्यातले जखमा धुणे आजही तसेच शिल्लक आहे, आणि फरक इतका की आता रोगाची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना या जंतूविरुद्ध मुळातच प्रतिकारशक्ती असते.

प्रभुभोजन आणि चहा यांबद्दल थोडक्यात. काही ठिकाणी वसाहतीतल्या सभासदांना द्राक्षारसाचा प्याला शेवटी दिला जातो किंवा वेगळा दिला जातो. याला वैद्यकीय आधार नाही. छोटा काचेचा प्याला वाकड्या बोटांना धरता येत नसेल तर भाकर प्याल्यात बुडवून द्यावी, पण मग सगळ्यांनाच तशी द्यावी. उपासनेनंतरचा चहा दांड्याच्या मगात द्यावा, तोही सगळ्यांना.

विवाहाबद्दलही एक गोष्ट पाळकांना माहीत असायला हवी. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे एक कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले गेले. त्यामुळे नवरा किंवा बायको कुष्ठरोगी आहे म्हणून वेगळे व्हायचे, असे म्हणत कोणी सल्ल्यासाठी आले तर पाळकाने मधला मार्ग शोधत बसण्याची गरज नाही. कायदा स्पष्ट आहे आणि औषध मोफत आहे.

मंडळीतला माणूस वेळेवर ओळखू शकेल अशी एक गोष्ट आहे आणि ती शिकवायला अर्धा तास लागतो. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपरापाशी किंवा घोट्यापाशी नस दुखू लागली, शर्टाचे बटण लावता येईना, पाऊल चालताना खाली लोंबू लागले, डोळा पूर्ण मिटेना, तर ती प्रतिक्रिया आहे, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती उसळून आलेली सूज. नसेचे हे नुकसान नवे असेल, म्हणजे सहा महिन्यांच्या आतले असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडने ती नस वाचण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ही शक्यता जवळपास संपते. माणूस मात्र घाबरतो, गोळ्यांनी बिघडले असे समजून गोळ्याच सोडतो, आणि प्रार्थनेला येतो. प्रार्थना जरूर करा. त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊनही जा.

कागदपत्रांचा त्रास वेगळाच आहे. बोटे झिजल्याने यंत्रावर ठसा उमटत नाही आणि रेशन अडते. आधारच्या नोंदणीत अशा व्यक्तींसाठी अपवादाची सोय आहे, बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ओळख पटवता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो काढायला जिल्ह्याच्या रुग्णालयात दोन-तीन फेऱ्या होतात. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतले लोक आहेत. त्यांना हे काम आमच्यापेक्षा चांगले येते.

एक काळजीही बोलून दाखवतो. सध्याच्या वातावरणात ख्रिस्ती माणसाने कोणाच्या जखमेला हात लावला तरी त्यात हेतू शोधला जातो. त्या भीतीने काही पाळकांनी वसाहतीत जाणेच कमी केले आहे. आमचे मत असे की याला उत्तर मागे हटणे हे नव्हे. मलमपट्टीच्या जागी पत्रके नकोत, गाणी नकोत, प्रार्थनेची अट नको, हजेरीची वही जातधर्माच्या रकान्याशिवाय असावी आणि उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला, आशाताईंना पहिल्या दिवसापासून बोलवावे. ज्याला प्रार्थना हवी तो मागेल. वसाहतीतल्या बहुसंख्य माणसांचा धर्म आपला नाही, आणि शोमरोन्याने त्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता.

आता मागण्या.

मलमपट्टीची जी खोली बंद करण्याचा ठराव झाला आहे तो मागे घ्यावा. जिथे अशा खोल्या आधीच बंद आहेत तिथे त्या भाड्याने देण्याआधी आजूबाजूच्या वसाहतींतील लोकांना लेखी विचारावे.

ज्या मंडळीच्या आसपास कुष्ठमुक्तांची वसाहत आहे तिने आठवड्यातून एकदा, संध्याकाळी पाचनंतर, स्वकाळजीचा गट चालवावा, आणि शक्यतो वसाहतीतच, म्हणजे कोणाला जखमेचा पाय घेऊन चालत यावे लागणार नाही. बारा जणांसाठी लागते ते एवढे: बारा खोल टब किंवा बादल्या, बसायला बारा स्टुले, चार आरसे, बारा वजऱ्या (प्रत्येकाची वेगळी, नाव घातलेली), महिन्याला साडेतीन-चार लिटर तेल, अठ्ठेचाळीस पट्ट्या, गॉज, मीठ, कात्री, झाकणाची कचरापेटी आणि एक वही. पट्टी रुग्णाने स्वतः बांधायची. कार्यकर्त्याने शेजारी बसायचे, बघायचे, चुकले तर सांगायचे, आणि जखमेची लांबी-रुंदी वहीत लिहायची. वहीतला आकडा तीन आठवडे कमी झाला नाही तर रुग्णालय.

कुष्ठरोग रविवारच्या दानार्पणाचा हिशेब पुढच्या रविवारी फलकावर लावावा. त्यातला मोठा भाग दोन गोष्टींवर खर्च व्हावा: मापाच्या एमसीआर चपला, आणि जखम भरेपर्यंत घरी बसणाऱ्याची सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी. दुसरा खर्च कमिट्यांच्या गळी उतरत नाही हे आम्हाला माहीत आहे. ‘काम न करता पैसे कशाला’ हा प्रश्न हमखास येतो. पाय भरणे हेच त्या सहा आठवड्यांचे काम आहे, आणि त्याची हजेरी वहीत दर आठवड्याला लागते.

कुष्ठ आणि पाप यांची सांगड घालणारे उपदेश थांबवावेत. धर्मप्रांतांनी आणि सेमिनऱ्यांनी पाळकांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस या रोगासाठी ठेवावा. शिकवायला उपदेशक नको, जिल्हा कुष्ठरोग कार्यालयातला तंत्रज्ञ बोलवावा.

मिशनच्या जमिनीवर राहणाऱ्या कुष्ठमुक्त कुटुंबांना राहण्याचा हक्क लेखी द्यावा. आज अनेकांकडे तोंडी परवानगीपलीकडे काही नाही. ती दिलेला पाळक बदलून गेला की परवानगीही जाते.

आपल्या शाळा आणि वसतिगृहांत वसाहतीतल्या मुलांना प्रवेश देताना वेगळा वैद्यकीय दाखला मागू नये.

रुग्णांचे चेहरे दिसतील असे फोटो त्यांच्या लेखी संमतीशिवाय काढू किंवा छापू नयेत. व्यथेचे चित्र दाखवून दान वाढते हे खरे आहे. ज्याचे चित्र छापले त्याच्या मुलीचे लग्न मोडते हेही खरे आहे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी अनेक चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुण्याचा विधी होतो. त्या बारा जणांत वसाहतीतले कोणी असावे, अशी सूचना आमच्यातल्या काहींनी केली. बाकीच्यांना ती पटली नाही. वर्षातून एकदा सगळ्यांच्या देखत पाय पुढे करणे त्या माणसांना नकोसे वाटेल आणि पुन्हा फोटोच निघतील, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ती मागणी आम्ही ठेवलेली नाही. ठरवायचे असेल तर वसाहतीतल्या लोकांना विचारून ठरवा.

येत्या ईस्टरपर्यंत वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि अमान्य असल्यास का, हे लेखी कळवावे. ‘विचार सुरू आहे’ हे उत्तर आम्ही नकार समजू आणि तसे जाहीर करू. ज्या मंडळ्या गट सुरू करतील त्यांच्या कार्यकर्त्यांना शिकवायला आम्ही येऊ. दोन संध्याकाळी पुरतात, एक पायांसाठी आणि एक हात-डोळ्यांसाठी. येण्याजाण्याचा खर्च आमचा. आपण फक्त बादल्या आणि पाणी तयार ठेवावे.

आपले,
कुष्ठसेवेतील काही कार्यकर्ते आणि मंडळ्यांचे सभासद